बाबांच्या बुटातला स्क्रू

ताई नमस्कार,
माझे बाबा ६३ वर्षांचे आहेत, १६ वर्षांपासून डायबेटीस आहे, गोळ्या चालू आहेत. पंधरा दिवसांपूर्वी रात्री आईला त्यांच्या सॉक्सवर रक्ताचा डाग दिसला म्हणून तिने बूट उलटा केला तर आतून छोटा स्क्रू पडला. दिवसभर बाबा त्याच्यावरच चालत होते आणि त्यांना पत्ताच नव्हता! अंगठ्याखाली चवड्यावर शर्टाच्या बटणाएवढी जखम आहे. आई रोज अँटिसेप्टिक लावून पट्टी बांधते पण अजून भरली नाहीये. बाबा म्हणतात दुखत नाही तर डॉक्टर कशाला, फास्टिंग तर १३० च्या आसपासच येते. सकाळचा पाच किलोमीटर वॉक चालूच आहे. रात्री पाय गार पडतात, मुंग्या येतात म्हणून गरम पाण्यात पाय टाकून बसतात, आणि तळव्याचं जाड कातडं स्वतःच ब्लेडने काढतात. पाय दाखवा म्हटलं की चिडतात. आयुष्यभर अकाउंट्समधे काम केलंय, कोणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. कुठलं क्रीम लावू आणि त्यांना कसं समजावू?
– काळजीत पडलेली लेक

अगं, क्रीमचं शेवटी सांगते, आधी फोन उचल आणि बाबांच्या डॉक्टरांची उद्याची वेळ घे. आजची मिळाली तर आजचीच. डायबेटीस आहे, जखम तळपायाला आहे, पंधरा दिवसांत भरली नाही आणि दुखतही नाहीये, एवढं सगळं एकत्र आलं की घरी पट्ट्या बदलत बसायची वेळ निघून गेलेली असते. फोनवर "जरा लागलंय पायाला" असं सांगू नकोस, पुढच्या आठवड्यातली तारीख मिळेल, सरळ सांग की डायबेटीसच्या पेशंटच्या तळपायाला पंधरा दिवसांची न भरलेली जखम आहे. आणि जखमेभोवती लाली पसरत असेल, पाय सुजला असेल, पू किंवा वास येत असेल, कुठे काळं पडलं असेल, ताप थंडी असेल, किंवा काही कारण नसताना शुगर अचानक चढली असेल तर मग वेळबिळ घेत बसू नका, थेट इमर्जन्सीत जा. शुगरचं मुद्दाम सांगते, कारण डायबेटीसमधे पाय आतून चांगलाच बिघडलेला असला तरी कधीकधी ताप येतच नाही, मीटरवरचा आकडाच पहिली बोंब मारतो.

मी डॉक्टर नाहीये, पण बरीच वर्षं डायबेटीसच्या पायांच्या ओपीडीत ड्रेसिंग केलीत, त्यामुळे तुझ्या बाबांसारखे बाबा मी खूप पाहिलेत. बुटात टाचणी, खडा, पेनाचं टोपण, एकदा तर एका काकांच्या बुटात नातवंडाची खेळण्यातली गाडी निघाली होती, आणि ते दोन दिवस ऑफिसला जाऊन आले होते तसेच. हसू नकोस, आम्हीही हसलो नव्हतो.

हे होतं कसं ते समजून घे, कारण बाबांशी वाद घालायचा तर तो मुद्द्यावर घालता आला पाहिजे. बरीच वर्षं रक्तात साखर जास्त राहिली की नसा खराब होतात, आणि सगळ्यात लांब नसा आधी, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि मग हळूहळू वर चढते, सॉक्स घातल्यासारखी. गंमत म्हणजे (गंमत कसली) एकाच पायाला रात्री आग होते, मुंग्या येतात, आणि त्याच पायाला स्क्रू टोचलेला कळत नाही. लोकांना वाटतं मुंग्या येतात म्हणजे जाणीव आहे. तसं नसतं, खराब झालेली वायर स्वतःच खोटे सिग्नल पाठवत असते आणि खरा सिग्नल वरपर्यंत पोचतच नाही. आणि बाबा जर मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेत असतील तर डॉक्टरांना बी-१२ तपासायचं का ते विचार, त्या गोळीने काहींचं बी-१२ कमी होतं आणि त्यानेही असंच बधीर होतं, मुंग्या येतात. ते सापडलं तर निदान तेवढं तरी दुरुस्त करता येतं.

आता दुखणं नसलं की काय होतं बघ. तुझ्या-माझ्या बुटात खडा गेला तर आपण दोन पावलांत थांबतो. थांबता आलं नाही तर नकळत लंगडतो, पाय तिरका टाकतो, भार दुसरीकडे नेतो. बधीर पाय हे काहीच करत नाही, तो पाच किलोमीटरची सगळी पावलं त्याच जागेवर तसाच पडत राहतो. पॉल ब्रँड नावाचे एक सर्जन होते, १९१४ ते २००३, त्यांनी वेल्लोरला कुष्ठरोगाच्या पेशंट्सवर बरीच वर्षं काम केलं. तोवर सगळ्यांचा समज होता की त्या रोगाने बोटं आपोआप झडतात, त्यांनी दाखवून दिलं की रोग फक्त दुखणं काढून घेतो, बाकीचं बरंचसं नुकसान न कळलेल्या जखमा, भाजणं आणि एकाच जागी सारखा पडणारा दाब करतो. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर हेच त्यांनी डायबेटीसच्या पायांना लावलं. मला हे फार पटतं, कारण आमच्याकडे येणारे बहुतेक लोक "शुगरमुळे पाय सडला" म्हणायचे, आणि नीट विचारत गेलं की मागे कुठेतरी एक बूट, एक ब्लेड नाहीतर गरम पाण्याची बादली निघायचीच.

म्हणून वॉक आजपासून बंद. मला माहितीये की डॉक्टरांनीच चालायला सांगितलंय, पण ते जखम नसलेल्या पायाला सांगितलं होतं ना. तळपायाच्या जखमेवर सगळ्यात मोठं औषध म्हणजे त्या जागेवरचा भार काढणं. कितीही भारी ड्रेसिंग करा, वरून माणूस चालत असेल तर प्रत्येक पाऊल जखम पुन्हा चिरडतं, आणि बाबांना ते कळत नसल्यामुळे त्यांना वाटतं मी तर काहीच केलं नाही. डॉक्टर बहुतेक पायाला गुडघ्यापर्यंतचं खास प्लास्टर किंवा बूट घालायला सांगतील, ज्याने भार पोटरीवर वाटला जातो. काढता येणारा आणि न काढता येणारा असा चॉइस असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल तर न काढता येणाराच घ्या. काढता येणारा बूट लोक घरात शिरल्या शिरल्या काढतात, "दोनच पावलं तर जायचंय बाथरूमपर्यंत", आणि अशा दोन-दोन पावलांची दिवसाकाठी केवढी बेरीज होते ते अकाउंट्सवाल्या माणसाला मी काय सांगू. तोवर व्यायाम हवाच असेल तर खुर्चीत बसून हातांचा करू देत, डॉक्टरांना विचारून.

तिथे गेल्यावर काय काय होतं तेही सांगते म्हणजे घाबरणार नाही. टोचलेली जखम वरून बटणाएवढी दिसते पण आत किती खोल गेलीये ते बाहेरून कळत नाही, म्हणून डॉक्टर बोथट सळई हलकेच आत घालून हाडापर्यंत लागते का बघतील. हाडाला लागली तर हाडात इन्फेक्शन असायची शंका वाढते. एक्स-रे काढतील, तो नॉर्मल आला तर खूश होऊन घरी बसू नका, हाडातला बदल एक्स-रेवर दिसायला दोन-तीन आठवडे जातात, त्यामुळे पुन्हा बोलावलं तर जा. पायाच्या वरच्या बाजूची आणि घोट्यामागची नाडी बघतील, घोट्याचं आणि हाताचं ब्लड प्रेशर मोजून तुलना करतील. डायबेटीसमधे रक्तवाहिन्या कडक होऊन हा आकडा फसवा चांगला येतो कधीकधी, मग पायाच्या बोटातलं प्रेशर बघावं लागतं. रक्त पोचतंय का हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, ते पोचत नसेल तर जखम भरणार कशाने? पाय गार पडतात असं तू लिहिलंयस ना, ते आवर्जून सांग त्यांना, आणि बाबा सिगरेट ओढत असतील तर तेही लपवू नका. जखमेभोवतीचं जाड कातडं ते कापून काढतील, रक्त येईल, जखम आधीपेक्षा मोठी दिसेल, आई हबकेल. तिला आधीच सांगून ठेव की असंच करायचं असतं. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते घरून आठवून जा.

ब्लेड मात्र आजच काढून घे त्यांच्याकडून. मी इतकी मऊपणे बोलते एरवी, पण ब्लेड आणि कुरपावर लावायच्या त्या औषधी पट्ट्या, या दोन गोष्टींनी केलेले उद्योग निस्तरून निस्तरून माझा संयम संपलाय. त्या पट्ट्यांमधे अ‍ॅसिड असतं, ते कुरूप आणि चांगली कातडी असा फरक करत नाही. पण घट्टा तसाच ठेवायचाही नाही बरं का. घट्टा म्हणजे बुटात कायमचा बसवलेला खडा, तो खालच्या मऊ भागावर दाब वाढवतो आणि त्याच्याखाली गुपचूप जखम तयार होते. घट्ट्यात लालसर काळा ठिपका दिसला तर ते साकळलेलं रक्त असू शकतं, म्हणजे आत गडबड सुरू झालेली असते. तो पायांच्या क्लिनिकमधे जाऊन काढून घ्यायचा, ठरावीक दिवसांनी.

गरम पाण्याचंही तेच. ज्या पायाला स्क्रू कळला नाही त्याला पाणी किती गरम आहे ते कसं कळणार गं? पाय धुवायचं पाणी ३७ डिग्रीच्या खाली हवं, थर्मामीटर नसेल तर आईने कोपर बुडवून बघायचं, बाबांनी नाही, त्यांच्या हातांचाही भरवसा असेलच असं नाही. आणि बुडवून बसणं तर नकोच, कातडी भिजून पिळपिळीत होते आणि नंतर आणखी कोरडी पडते. पाय गार वाटत असतील तर सैल सॉक्स घालून झोपावं. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, हीटरसमोर पाय धरून बसणं, सगळं बंद.

आता रोजचं. बाबांच्या पायांनी पहाऱ्याचं काम सोडलंय, ते आता डोळ्यांना करायला लागणार, आणि त्यांना वाकून तळवे दिसत नसतील किंवा डायबेटीसने नजर कमी झाली असेल तर दुसऱ्या कोणाच्या तरी डोळ्यांना. रात्री झोपायच्या आधी पाच मिनिटं, दोन्ही पाय. दोन्ही म्हणजे दोन्ही, कारण एका पायावरचा भार काढला की दुसरा पाय जास्त राबतो आणि मग तो फुटतो, हे हमखास विसरतात सगळे. तळवा, टाचेची कड, नखांच्या कडा, आणि बोटांच्या बेचक्या एकेक उघडून. बेचक्यांत पांढरं ओलसर दिसलं तर चिखल्या असतील, तिथून इन्फेक्शन आत शिरतं. मग हाताच्या पाठीने दोन्ही पायांच्या सारख्याच जागा चाचपायच्या, एक जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते का. हाताला असा फरक लागला, किंवा त्वचेच्या थर्मामीटरने मोजत असाल तर दोन डिग्री सेल्सियसहून जास्त फरक, दोन दिवस लागोपाठ आला तर चालणं कमी करून डॉक्टरांना दाखवायचं.

हे गरम लागण्याचं मी इतकं का सांगते, तर एक बाई आमच्याकडे आल्या होत्या, पाय सुजलेला, लाल, गरम, दुखणं जवळजवळ नाहीच. जखम पण नव्हती. कुठेतरी त्यांना मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज बांधून दिलं होतं आणि त्या महिनाभर तशाच चालत होत्या. तो शार्को फूट होता, बधीर पायातली हाडं आतल्या आत मोडतात आणि पायाची कमानच बसून जाते. लवकर प्लास्टर घालून भार काढला तर पायाचा आकार वाचतो. त्यांचा नाही वाचला. तर एक पाय सुजला आणि गरम झाला, तर "दुखत नाहीये, बघू दोन दिवस" हे घरात कोणी म्हणायचं नाही.

नखं सरळ कापायची, कोपरे खोदायचे नाहीत, आणि नखं जाड झाली असतील किंवा नजर कमी असेल तर ती बाबांनी कापूच नयेत. अनवाणी कुठेच नाही, घरातसुद्धा. सॉक्स रोज धुतलेले, वरचं इलॅस्टिक रुतणारं नको, शिवण जाड असेल तर उलटे घाला. रंग पांढरा किंवा फिकट घ्या, बाबांच्या सॉक्सवरचा डाग आईला दिसला म्हणून तर हे पत्र आलं, काळे असते तर अजून आठ दिवस कळलं नसतं.

बुटाचं मात्र नीट सांगते, मुळात भांडण तिथूनच सुरू झालंय. घालायच्या आधी प्रत्येक वेळी बूट उलटा करून आपटायचा आणि आत हात घालून पुढच्या टोकापर्यंत फिरवायचा, नुसतं आपटून भागत नाही, कारण स्क्रू पडेल पण आतलं फाटलेलं अस्तर किंवा वर आलेला खिळा पडणार नाही. नवे बूट संध्याकाळी घ्यायचे, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. आतून पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर लांब हवेत, आणि चवड्याला रुंदीत दाबणारे नकोत. आता यात मेख अशी आहे की बधीर पायाला बरोबर मापाचा बूट सैल वाटतो, म्हणून हे लोक आपणहून एक नंबर घट्ट घेतात, घट्ट असला की निदान काहीतरी जाणवतं ना. त्यामुळे "मला हाच कम्फर्टेबल वाटतो" यावर विश्वास ठेवायचा नाही. कागदावर बाबांना उभं करून पायाची पेन्सिलने आउटलाइन काढ, कापून तो कागद बुटात घाल. कागद कडेला चुरगळला तर बूट लहान आहे. वाद संपला. नवे बूट पहिल्या दिवशी एखादा तासच घालायचे, काढून पाय बघायचे, लाल डाग असेल तर ते बूट बाद.

तू म्हणतेस बाबांना कसं समजावू. मी म्हणेन समजावू नकोस, आणि पाय कापावा लागेल वगैरे तर अजिबात बोलू नकोस, ते त्यांनी १६ वर्षांत शंभर वेळा ऐकलंय आणि ज्याला खूप भीती वाटते तोच माणूस पाय दाखवत नाही असा माझा अनुभव आहे. चिडणं बऱ्याचदा भीतीचंच असतं. त्यांना आकडे आवडतात ना, मग आकडे दे. त्यांना डोळे मिटून बसव, सांग की स्पर्श झाला की 'हो' म्हणा, आणि तुझ्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या दोन्ही पायांचे अंगठे, मधली बोटं आणि करंगळ्या अशा सहा टोकांना एकेकदा एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श कर, दाबायचं नाही, टोचायचं नाही. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर जाणीव कमी झालीये असं धरतात. क्लिनिकमधे १० ग्रॅमएवढा दाब देणारा नायलॉनचा धागा लावून बघतात, पण घरी हे पुरतं. मग डोळे उघडायला सांग आणि किती वेळा 'हो' म्हणालात ते त्यांनाच विचार. तू काही बोलू नकोस. मी हे कितीतरी हट्टी लोकांवर केलंय, सहा स्पर्शांत दोनदाच 'हो' म्हटल्यावर माणूस स्वतःच गप्प होतो.

फास्टिंग १३० वर ते अडून बसले तर सांग की फास्टिंग म्हणजे एका सकाळची शिल्लक, आणि तीन महिन्यांचं स्टेटमेंट बघायचं तर एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी. आणि समजा तेही चांगलं आलं, तरी आधीच्या वर्षांत नसांचं जे नुकसान झालं ते सहसा भरून येत नाही, शुगर ताब्यात ठेवून पुढचं थांबवायचं. एवढ्यावरही हलले नाहीत तर हे पण सांग, की डायबेटीस असलेल्यांपैकी १९ ते ३४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ना कधी पायाला अशी जखम होते, आणि बरी झालेल्यांपैकी जवळजवळ ४० टक्क्यांना वर्षाच्या आत पुन्हा होते. म्हणजे यात त्यांचा काही कमीपणा नाही, आणि जखम भरल्यावरही दर एक ते तीन महिन्यांनी पाय दाखवायला जायचंच आहे.

त्यांना एक वही दे. तारीख, डावा, उजवा, शेरा. रोज रात्री फोनने तळव्यांचा फोटो आणि वहीत एक ओळ, फोटो आई काढेल पण नोंद त्यांनीच करायची. पाय दाखवा म्हटलं की चिडणारा माणूस वही अपूर्ण राहिलेली सहन करत नाही बघ. उद्या जाताना तो बूट आणि स्क्रू पण बरोबर ने, स्क्रूची लांबी बघून किती खोल गेला असेल याचा डॉक्टरांना अंदाज येतो.

हं, आणि क्रीम. जखमेवर डॉक्टरांनी बघेपर्यंत कुठलंच नाही, घरगुती लेप, पावडर, स्पिरिट काहीच नाही. सलाइनने नाहीतर स्वच्छ पाण्याने धुवून कोरडी स्वच्छ पट्टी, बस. बाकीच्या पायाला, म्हणजे टाचांच्या भेगांना आणि सुकलेल्या कातडीला, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा युरिया असलेलं क्रीम, रोज एकदा-दोनदा. नसांमुळे पायाला घाम येणंही कमी होतं म्हणून ती कातडी एवढी कोरडी पडते आणि फाटते. बोटांच्या बेचक्यांत मात्र लावायचं नाही, तिथे धुतल्यावर मऊ कापडाने नुसतं टिपून कोरडं करायचं.